राजवाड्याखालचे पऱ्हे

थंडी मोजण्याची दोन साधनं मी नोकरीभर वापरली. एक काचेचं, सरकारी शिक्क्याचं. दुसरं म्हणजे वरठीचा रस्ता. सकाळी भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून तुमसरकडे निघालो की वरठीला कारखान्याची पाळी सुटलेली असायची आणि सायकली-मोटारसायकलींचा लोंढा समोरून यायचा. नुसत्या कानटोप्या दिसल्या की समजायचं, साधी थंडी आहे. कानटोपीवर मफलर आला की पिकाला जपायचं. आणि मफलरवर बायकोची शाल गुंडाळून, हँडलच्या दोन्ही मुठींना पायमोजे घालून माणूस येताना दिसला, की मी गाडी बाजूला घेऊन गावोगाव फोन लावायचो. काचेच्या साधनाने मला एकदा तोंडघशी पाडलं. वरठीच्या पायमोज्यांनी कधीच नाही.

मी कृषी सहायक. म्हणजे सरकार आणि शेत यांच्या मधोमध उभा असलेला माणूस. सरकार वरून बोलतं, शेतकरी खालून बोलतो, आणि दोघांचंही नीट ऐकून दोघांनाही न आवडणारं जो सांगतो, तो कृषी सहायक. मला हे काम मनापासून आवडतं. लहानपणी गावच्या नाटकात मला कायम दूताची भूमिका मिळायची. धावत यायचं, "महाराज, घात झाला!" म्हणायचं आणि जायचं. पुढे पगार घेऊन मी तेच करत राहिलो.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी नोकरीत आलो. कचेऱ्यांमध्ये तेव्हा वाटणीच्या गोष्टी ताज्या होत्या. भावाभावांनी भांडी वाटून घ्यावीत तशी खुर्च्यांची, कपाटांची आणि माणसांची वाटणी झाली होती. एक जुना कारकून छातीवर हात ठेवून सांगायचा, की हवामानाच्या पेटीतला कमाल तापमानाचा थर्मामीटर गोंदियाला गेला आणि किमान तापमानाचा भंडाऱ्याला राहिला. "आता ऊन त्याहिचं, थंडी आपली," तो म्हणायचा. खरं काय ते त्या पेटीलाच ठाऊक. पण किमान तापमानाचा एक थर्मामीटर कापसात गुंडाळून माझ्या हाती आला, एवढं मात्र खरं.

आता बाहेरच्या वाचकांसाठी थोडं धंद्याचं सांगतो. पावसाळ्याचं धान आमच्याकडे सगळेच लावतात. तलावात पाणी उरलं तर उन्हाळी धानही लावता येतं. त्याची रोपं आधी एका शेतात दाटीने वाढवायची. त्या रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतो. ते वीतभर झाले की उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवायचे. पऱ्हे टाकायचे पूस, म्हणजे पौष महिन्यात, ऐन थंडीत. उशिरा टाकले तर लोंब्या बाहेर पडेपर्यंत भर उन्हाळा येतो आणि हल्लीच्या उन्हात फुलोरा करपून दाणे पोचट राहतात. लवकर टाकले तर थंडी पऱ्ह्यांना पिवळं करते. दोन्हीकडच्या भिंती वर्षागणिक जवळ सरकत आहेत आणि मधल्या फटीतून धानाला अंग चोरून जायचं असतं.

त्यात थंडीही पूर्वीसारखी राहिली नाही. पूर्वी ती दिवाळीनंतर यायची, मुक्काम करायची, संक्रांतीनंतर हळूहळू काढता पाय घ्यायची. आता ती नाटकातल्या खलनायकासारखी वागते. दुसऱ्या अंकात मरते, प्रेक्षक निवांत होऊन शेंगा फोडू लागतात, आणि तिसऱ्या अंकात तीच बया मागच्या दाराने तलवार घेऊन येते. मधल्या उबदार दिवसांत आंबा मोहरतो, लाखोरी डाळीचं पीक फुलतं, पऱ्हे लुसलुशीत होतात. आणि मग एखाद्या सकाळी दहिवर पडतं, म्हणजे पानावरचं दव गोठून मिठासारखं पांढरं होतं. आमच्या भागात ते क्वचितच पडतं, पण पडलं तर उन्हं वर येईपर्यंत पान उकडल्यासारखं काळं पडतं. लोक मला टोमणा मारतात, "सायेब, तुमी म्हनता धरती तापून राहिली, मंग पीक थंडीनं काहून मेलं?" त्याचं उत्तर मला फार वर्षांनी सापडलं. पूर्वी थंडी झोपलेल्या झाडावर पडायची. आता ती जाग्या झाडावर पडते.

आंबागडच्या किल्ल्याखाली, डोंगराच्या ओंजळीत बसलेलं एक गाव माझ्याकडे होतं. नाव सांगत नाही. तिथले लोक हे वाचतात आणि प्रत्येक जण म्हणेल, मी असं बोललोच नव्हतो.

त्या गावात देवरावजी होते. मोठे शेतकरी आणि गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. वीस वर्षं राजाचं काम करत आले होते, त्यामुळे घरी पाण्याचा पेलासुद्धा उजवा हात पुढे करूनच मागत. माझा थर्मामीटर मी त्यांच्याकडे ठेवायला दिला. त्यांचं अंगण मोठं होतं आणि घरात फोन होता.

हा थर्मामीटर म्हणजे मोठं भोळं यंत्र. नळीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये पिनेएवढी काळी काडी. थंडी वाढली की स्पिरिट आक्रसतं आणि काडीला मागे ओढतं. ऊब आली की स्पिरिट पुढे जातं, काडी तिथेच राहते. पहाटेची थंडी अशी काडीने धरून ठेवलेली असते, आपण आरामात उठून चहा पिऊन बघायची. अट एकच, यंत्र आडवं ठेवायचं. उभं केलं की काडी आपल्या वजनाने घसरून तळाला जाते आणि भंडारा जिल्ह्यात काश्मीर दाखवते.

पहिल्याच हिवाळ्यात देवरावजींचा फोन आला.

"रामटेके सायेब, काडी खाली गेली!"

"किती खाली?"

"आकडेच संपले जी तठी!"

माझ्यातला दूत जागा झाला. मी फोनवरच गर्जना केली, "धूर करा! सगळ्या गावाला सांगा! तणस ओलं करून पेटवा!" धुराचं पांघरूण पऱ्ह्यांवर राहिलं तर थंडी जरा अडते, असं आम्ही शिकवत असू. गावाने माझ्या शब्दाखातर दिवस मावळायच्या आत तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग पेटवले. थंडी आलीच नाही. धूर मात्र आला आणि जाईना. म्हशी खोकल्या. एका घरी पाहुणे मुलगी बघायला आले होते. त्यांना मुलगी दिसलीच नाही, पण डोळ्यांतून इतकं पाणी आलं की नाही म्हणायचा त्यांना संकोच वाटला आणि लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. देवरावजींच्या बैठकीत, राजाच्या लाकडी तलवारीशेजारी, माझा थर्मामीटर खिळ्याला उभा टांगला होता. त्याला झेंडूची माळ घातली होती.

"देवरावजी, यंत्र आडवं ठेवायचं असतं हो!" मी म्हणालो. शब्द एवढेच. पण सूर असा लावला, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे मी त्यांना दहादा बजावलं होतं. जमलेलं गाव देवरावजींना हसलं. "राजेसायेब, थंडीले फाशी देल्ली तुमी!" कोणीतरी म्हणालं. देवरावजींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चहा पाजला.

खरी गोष्ट अशी, की आडवं ठेवा हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तुमसरच्या बैठकीला उशीर होत होता. यंत्र हातात दिलं, "जपून ठेवा" म्हणालो आणि गाडीला किक मारली. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या चहात साखर जास्त होती, ती मला वर्षभर टोचत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात गोष्ट खरी रंगली.

त्याच गावात अकरा घरांनी मिळून एकाच ठिकाणी पऱ्हे टाकायचं ठरवलं. सगळी लहान शेतीची घरं. त्यांच्या पुढारी सुगंधाबाई, साठीच्या, हडकुळ्या, बोलायला अशा की समोरच्याने आधीच हार मानावी. तलावात त्या वर्षी पाणी बेताचं होतं. ज्यांची रोवणी माघ सरायच्या आत होईल त्यांनाच पाणी, असं गावाने बसून ठरवलं होतं. म्हणजे पऱ्हे एकदाच. ते गेले तर दुसऱ्यांदा टाकायला वेळ नाही, आणि अकरा घरांच्या बांध्या उन्हाळाभर कोरड्या.

जागा मी सुचवली. तलावाच्या पाळीखालची, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याखालची, खोलगट बांधी. पाणी जवळ, माती मऊ. दिवसही मी ठरवला, नेहमीपेक्षा लवकरचा, कारण त्या वर्षी पूस महिना चैत्रासारखा ऊबदार होता. ग्रामपंचायतीच्या पडवीत मी भाषण केलं. धरती कशी तापते आहे, वैशाखातलं ऊन कसं वाढतं आहे, लवकर रोवणी कशी शहाणपणाची, सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी आकाशाकडे बोट दाखवून म्हणालो, "यंदाची थंडी गेली!"

सुगंधाबाई म्हणाल्या, "भाऊ, त्या बांधीत गाय बसत नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे नाई बसत. पूस-माघात सकाळी येऊन पाय. साऱ्या गाई वरच्या पडीकात बसून रायतेत. खालच्या बांधीत एक बी नाई. आमची सासू म्हने, जठी गाय बसत नाई तठी पऱ्हे टाकाचे नाई."

मला हसू आलं. "मावशी, गाईले तापमानातलं काय समजते?"

पडवी हसली. सुगंधाबाईंनी पदर खोचला. "काय समजते ते मले नाई मालूम. पन आमच्या गाईले अजून कोनी खिळ्यावर नाई टांगलं, भाऊ."

आता पडवी जी हसली ती थांबेना. देवरावजी कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. तरीही जागा माझीच ठरली. पाणी जवळ होतं, आणि माझ्या हातात छापील पत्रक होतं. गाईकडे पत्रक नव्हतं.

पऱ्हे झकास आले. ऊबदार हवेत बोटबोट वाढत गेले. मी येता-जाता गाडी थांबवून त्यांच्याकडे असा बघायचो, जणू मीच उगवलो आहे. माघ निम्मा झाला. आठ-दहा दिवसांत रोवणी होणार होती.

आणि एका सकाळी वरठीला मुठींवर पायमोजे दिसले. एका सायकलवर नाही, ओळीने सगळ्या सायकलींवर. एकाने तर पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. दोन दिवस उत्तरेचं वारं वाहत होतं, ते त्या दिवशी पडलं होतं. आकाशात ढगाचा धागा नव्हता. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. ती नसली आणि वारंही पडलं की जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते. मोबाइल सांगत होता, तुमसरला सहा अंशांपर्यंत उतरेल. सहाला धान मरत नाही. पण मोबाइलची थंडी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजलेली असते. पऱ्हे घोट्याएवढे असतात, आणि थंडी मुंगीसारखी जमिनीलगत चालते.

दुपारी गावात पोचलो आणि तलावाच्या पाळीवर उभा राहिलो. तिथून सगळा उतार दिसत होता. किल्ल्याचा डोंगर, त्याखाली पडीक, त्याखाली शेतं, आणि सगळ्यांच्या तळाला, ओंजळीतल्या शेवटच्या थेंबासारखी, माझी बांधी. गार हवा जड असते, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि खोलगट जागी साचते. त्या जागेत रात्र काढायला कोणती गाय तयार होईल? मी वर पाहिलं. पडीकात गाई रवंथ करत बसल्या होत्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहून कान हलवला. तिला मला काय म्हणायचं होतं ते मी इथे लिहीत नाही.

सुगंधाबाई आणि घराघरातले लोक बांधीवर जमले. मी म्हणालो, "उद्या सकाळी इथे दहिवर पडेल. पऱ्हे झाकावे लागतील."

"सायेब, काडी बोलली का यंदा बी?" मागून कोणीतरी विचारलं. थोडे हसले.

"काडी नाही," मी म्हणालो. "गाय बोलली."

कोणी हसलं नाही. सुगंधाबाईंनी डोंगराकडे पाहिलं, मग बांधीकडे, मग माझ्याकडे. "महिनाभर आधी आयकलं असतं तं बरं झालं असतं," म्हणाल्या आणि लगेच कामाला लागल्या. "सांगा, काय करू?"

पहिलं काम, तलावाचं पाणी बांधीत भरणं. पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, पऱ्ह्यांचे पाय तेवढे शेकतात. ते सोडलं. दुसरं, वरून पांघरूण. प्लास्टिक आणायला माणूस तुमसरला पिटाळला, तो हात हलवत परत आला. दुकानांचा सुट्टीचा दिवस होता. घरच्या गोधड्या-चादरी आणाव्यात, तर त्या थंडीत माणसांनी काय पांघरायचं? सुगंधाबाईंनी स्वतःची एकुलती चादर काढून बांधावर ठेवली होती. ती पाहून मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. माझ्या छापील पत्रकाची किंमत ती बाई आपल्या पांघरुणाने भरायला निघाली होती.

तेवढ्यात मला देवरावजींच्या कोठारातली लांब पेटी आठवली. नाट्यमंडळाचे पडदे! राजवाडा, रस्ता आणि जंगल. प्रत्येक पडदा जाड मांजरपाटाचा, वर तेलरंगाचा लेप, थंडी आत शिरणार नाही असा.

मी आणि सुगंधाबाई देवरावजींकडे गेलो. अडचण एकच होती. दुसऱ्या दिवशी नाटकाचा प्रयोग होता.

"पडदे?" देवरावजी म्हणाले. "बांधीत? चिखलात? माहा राजवाडा?"

"एका रात्रीपुरते, देवरावजी."

"रामटेके सायेब, तुमच्या शब्दावर एकदा मी काडी सांभाळली. काय झालं ते साऱ्या गावानं पायलं."

सुगंधाबाई पुढे झाल्या. पदर सावरून त्यांनी अशी मान उंचावली, की त्यांनी आयुष्यात कधी नाटकात काम केलं नव्हतं यावर विश्वास बसू नये. "महाराज! वीस वर्सं झाले, पाहून राहिलो आमी तुमाले. दरवेळी म्हनता, प्रजेसाठी प्रान देईन. प्रान राहू द्या तुमच्यापाशी. पडदा द्या."

देवरावजींचा चेहरा बदलला. आतून राजा वर येताना मला दिसला. पण राजाही पक्का होता. माझ्याकडे वळून हळू आवाजात, आपल्या साध्या बोलीत म्हणाले, "देतो. पन एक गोष्ट पायजे, सायेब. उद्या प्रयोगाच्या आधी मंचावर याचं, आन साऱ्या गावाले सांगाचं, का काडी आडवी ठेवाची हे तुमी मले सांगतलं होतं का नाई सांगतलं."

वर्षभर चहातून टोचलेली साखर घशाशी आली. मी म्हणालो, "सांगतो."

देवरावजींनी उजवा हात पुढे केला आणि साऱ्या वाड्याला ऐकू जाईल असं गरजले, "राजवाडा द्या!"

पुढचा तास माझ्या नोकरीतला सगळ्यात सुंदर तास. बायकांनी बांबूच्या कमच्या वाकवून पऱ्ह्यांवर कमानी रोवल्या. आठ माणसांनी खांद्यावर राजवाडा वाहून आणला, त्यांच्या पुढे देवरावजी "खांब मोडू नका, खांब मोडू नका" ओरडत. खांब नुसते चितारलेले होते. राजवाडा पसरला, मग रस्ता. बांबू संपले, म्हणून जंगल पऱ्ह्यांवर तसंच आडवं टाकलं. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा बांधीत झरोके, सज्जे, एक हरीण आणि दूरवर जाणारी वाट पसरली होती.

आणि पडदे संपले. खालचा कोपरा उघडा राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही झाकायला सुरुवात वरच्या बाजूने केली, कारण पडदे त्या वाटेने आले. सगळ्यात जास्त थंडी साचणार होती ती खालच्या कोपऱ्यात. सुरुवात तिथून करायला हवी होती. हे मला माहीत होतं, पण "महाराजांचा विजय असो" म्हणण्यात मी रंगलो होतो. आता पडदे उचलून पुन्हा टाकायला उजेड उरला नव्हता. सुगंधाबाईंनी आपली चादर त्या कोपऱ्यावर टाकली. ती कोपऱ्याच्या कोपऱ्याला पुरली. मग देवरावजींनी घरून दोन घोंगड्या आणून त्यांच्या हाती दिल्या.

थर्मामीटर मी स्वतः गवतावर ठेवला. आडवा. चार वेळा बघितलं, आडवाच आहे ना.

सकाळी उजाडता उजाडता सगळं गाव बांधावर होतं. राजवाड्यावर दहिवर पडलं होतं. सज्जे पांढरे, झरोके पांढरे, हरणाच्या पाठीवर जणू कोणी मीठ शिंपडलं होतं. थर्मामीटरची काडी शून्याला टेकली होती. मी मागे वळून सगळ्यांना दाखवली. कोणी काडीकडे पाहिलं नाही. सगळे पडद्यांकडे बघत होते.

"उघडा," सुगंधाबाई म्हणाल्या.

उन्हं येईपर्यंत थांबायचं असतं. थांबलो. ती वाट पाहणं मला कोणत्याही परीक्षेच्या निकालापेक्षा लांब गेलं. मग देवरावजींनी स्वतः राजवाड्याचं टोक धरून उचललं. खाली पऱ्हे हिरवेगार, उभेच्या उभे. रस्त्याखालचेही तसेच. जंगल जिथे पानांना टेकलं होतं तिथे शेंडे करपले होते, पण बुडखे जिवंत होते. खालचा कोपरा मात्र गेला. तिथे पऱ्हे उकडल्या पालेभाजीसारखे झोपले होते. अकरा घरांच्या वाट्यातला साधारण एका घराचा वाटा.

मी त्या कोपऱ्याजवळ उभा राहिलो. सुगंधाबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चांगलंच ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "भाऊ, एक घर उपाशी नाई ठेवाचं. साऱ्याइचेच पऱ्हे मिसळून घेऊ, जरा दूर दूर रोवू. तुमी सांगा, किती दूर चालते?"

मी सांगितलं. त्या वेळी मात्र पत्रक न काढता, आधी त्यांनाच विचारून.

पडदे तलावाच्या पाळीवर वाळत घातले. प्रयोगाच्या वेळेपर्यंत ते वाळले, पण जंगलाला कायमची सुरकुती पडली आणि राजवाड्याच्या पायथ्याला चिखलाची लाट उमटली. मी मंचावर गेलो. समोर सगळं गाव, आसपासच्या चार गावांची माणसं. मी दूतासारखा धावत गेलो, कारण चालत जायची हिंमत नव्हती. म्हणालो, "मंडळी, थर्मामीटर आडवा ठेवायचा असतो, हे मी देवरावजींना सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती. हसलात त्यांना. आता मला हसा." लोक हसले. अगदी मन लावून हसले. धुरात मुलगी न बघता गेलेले पाहुणे पहिल्या रांगेत होते, तेही हसले. त्यांची सून शेजारीच बसली होती.

मग पडदा सरला, राजवाडा दिसला, आणि देवरावजी राजा होऊन आले. पहिलंच वाक्य बोलायला त्यांनी हात उचलला आणि थांबले. राजवाड्याच्या एका खांबाला चिखलासकट एक हिरवं रोप चिकटून राहिलं होतं. राजाने ते अलगद काढलं, तळहातावर घेतलं, आणि नाटकात नसलेलं वाक्य घनगंभीर आवाजात टाकलं, "प्रधानजी, आमच्या राजवाड्यात हे कोण उगवलं?"

बायकांच्या बाजूने सुगंधाबाईंचा आवाज आला, "महाराज, ते आमचं हाये! मोजून हायेत आमाले, वापस करा!"

राजाने मंचावरून वाकून ते रोप त्यांच्या हातात दिलं. वीस वर्षांत देवरावजींना इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

रोवणी वेळेत झाली. पाणी मिळालं. दूर दूर रोवलेलं धान थोडं कमी आलं, पण अकराही घरांत आलं. मी पुढे बदलून दुसऱ्या तालुक्यात गेलो. नव्या मुलांना शिकवायला मला कधी कधी बोलावतात. तिथे मी गार हवा, उतार, ढग सगळं फळ्यावर काढतो आणि शेवटी सांगतो, पऱ्ह्यांची जागा ठरवायच्या आधी दोन-चार सकाळी गावात जा आणि गाई कुठे बसतात ते पाहा. मुलं वहीत लिहून घेतात. पाठीमागे बसलेले साहेब माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघत नाही.

पूस महिना ऊबदार गेला की सुगंधाबाईंचा फोन अजून येतो. आता त्या थकल्या आहेत, आवाज मात्र तोच.

"भाऊ, गेली का जी यंदा थंडी?"

"मावशी, आधी तुम्ही सांगा. गाई कुठं बसून राहिल्या?"

"वरच्या पडीकात."

"मग देवरावजींना सांगा, पडदे अजून पेटीत घालू नका."

मागून, फोनपासून जरा दूर, एक भारदस्त आवाज येतो, "राजवाडा तयार हाये!"